पस्तीस बाय पस्तीसचं गॅरेज

माझ्या नावापुढे बी.ए. ही अक्षरं लागली ती दत्तूनाना ठोंबऱ्यांमुळे. आमच्या घराण्यात ती अक्षरं त्याआधी कुणाला लागली नव्हती. त्यामुळे आयुष्यात सर्वांत जास्त ऋणी कोणाचा, असं विचारलं तर मी डोळे मिटून नानांचं नाव घेतो. फक्त हा थोर माणूस गाडी मागे घेत नाही, हे पुढचं वाक्य सांगताना मला जरा खाकरावं लागतं.

मागे घेत नाही म्हणजे घेतच नाही. नाना एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडे एक जुनी, पांढरी, लहानशी गाडी आहे. तिला इतर गाड्यांसारखाच मागे जायचाही गिअर आहे. पण गेली काही वर्षं तो इतका निवांत पडून आहे की गाडी विकायला काढली तर 'रिव्हर्स अगदी कोरा' अशी जाहिरात करता येईल.

कर्जतच्या बाजारात गेले की नाना जिथून सरळ पुढे निघता येईल अशीच जागा शोधतात. तशी जागा बाजारात कुठून असणार? ती बरीच लांब, पुलाच्याही पलीकडे सापडते. तिथे गाडी लावून नाना चालत बाजारात येतात आणि पिशव्या घेऊन चालत परत जातात. मी एकदा म्हटलं, "नाना, यापेक्षा गाडी घरीच ठेवली असती तर?"

"चालनं तब्येतीला चांगलं आसतं."

"मग गाडी कशाला?"

"चालायच्या जागेपतूर जायला नको?"

शेलूला त्यांच्या पुतणीने नवीन बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला नाना मला घेऊन गेले ते थेट बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये घुसले, आणि समोर भिंत आली. वॉचमन धावत आला. "आजोबा, पुढे रस्ता नाही. मागे घ्या."

"भिंत कोनी बांधली?"

"बिल्डरने."

"मग त्याला बोलव. चूक त्याची, मागं मी का येऊ?"

वास्तुशांतीचं जेवण आटोपल्यावर सोसायटीतल्या चार तगड्या माणसांनी गाडी हाताने ढकलत मागे आणली. नाना आत स्टिअरिंग धरून बसले होते आणि नजर मात्र समोरच्या भिंतीवर रोखलेली होती. मी म्हटलं, "आली की गाडी मागे." तर म्हणाले, "ढकलली. ढकलली ते रिव्हर्समधे धरत न्हाईत. गिअर टाकला तर धरत्यात." कुठल्या कायद्यात असं लिहिलंय ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

या व्रतामागचं तत्त्वज्ञानही त्यांच्याकडे तयार असतं. "रिव्हर्स म्हंजे कबुली रं. पुडं नीट बघितलं नाय, याची कबुली." कुणी फारच मागे लागलं तर, "मागं बघत चालवायला मी काय घुबड हाय?" गावात सगळे म्हणत, नानांची मान धरलीय, वळत नाही. मलाही तेच खरं वाटायचं. एवढ्या वर्षांच्या ड्रायव्हरीत मान धरणारच.

या माणसाचे माझ्यावर उपकार कसे, तेही सांगतो, नाहीतर वाचकाला वाटेल मी नुसती टवाळी करतोय. आमचं गाव कर्जत आणि खालापूरच्या मधलं. मी बारावी झालो तेव्हा वडिलांनी मला खोपोलीला एखाद्या कंपनीत हेल्पर म्हणून चिकटवायचं ठरवलं होतं. त्या काळी एक एसटी रात्री आमच्या गावात मुक्कामाला असायची आणि सकाळी पहिली फेरी घेऊन कर्जतला जायची. तिच्यावर नाना होते. कॉलेज सुरू झालं त्या दिवशी त्यांनी गाडी आमच्या दारासमोर उभी केली आणि हॉर्न वाजवायला सुरुवात केली. कंडक्टरने बेल दिली. नाना हलले नाहीत. आतले लोक ओरडायला लागले. नाना म्हणाले, "पाशिंजर आजून घरात हाय."

वडील बाहेर आले. "दत्तू, आरं त्याला कंपनीत लावायचाय."

"लाव की. पर तवर घरात बसून काय आंडी घालनार हाय तो? बसव गाडीत."

ते 'तवर' तीन वर्षं चाललं. रोज सकाळी हॉर्न, रोज सगळी गाडी माझ्याकडे वळून बघणार. लाजेखातर मी एक दिवस कॉलेज चुकवलं नाही. लोक शिष्यवृत्तीवर शिकतात, मी हॉर्नवर शिकलो. आता मी मोहोपाड्याला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे, खुर्चीवर बसतो, आणि शनिवारी गावी येतो.

अशाच एका शनिवारी आलो तर नाना अंगणात हातात चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन उभे. अंगणभर पांढऱ्या रेघा.

"गॅरेज बांधतोय," नाना म्हणाले. "वांदरं गाडीचे आरसे काढून नेतात."

हे खरं होतं. वानरांनी एक आरसा उपटून नेला होता आणि वायपर शेवग्याच्या शेंगेसारखा चावून ठेवला होता. गॅरेज हवंच होतं. प्रश्न फक्त केवढं, हा होता. लक्ष्मण मिस्त्रीने अठरा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी फक्की मारून दिली होती. नानांनी ती पायाने पुसली होती.

कारण साधं होतं. अठरा बाय दहाच्या गॅरेजात गाडी सरळ आत गेली तर बाहेर येताना मागे घ्यावी लागते. समोरून दुसरं दार काढावं तर पलीकडे ओढा. मग नानांनी गाडी सुरू केली, चाक पुरं वळवलं आणि अंगणात गोल फेरी मारली. मिस्त्री गाडीच्या मागून फक्की सांडत धावला. जो गोल पडला त्याच्याभोवती चौकट आखली. झाली पस्तीस फूट लांब आणि पस्तीस फूट रुंद. म्हणजे गाडी दारातून आत शिरणार, आतल्या आत देवळासारखी प्रदक्षिणा घालणार आणि त्याच दारातून तोंड पुढे करून बाहेर पडणार.

"नाना," मिस्त्री कपाळावरची फक्की पुशीत म्हणाला, "एवढ्यात लग्न लागंल."

"लागू दे. वर्‍हाडाच्या गाड्या बाहेर लावायच्या."

"तुमच्या घरापेक्षा गॅरेज मोठं व्हतंय."

"घरात मला वळायला लागत नाय."

मिस्त्रीने मग माझ्याकडे बघितलं. गावात शिकलेल्या माणसाला असं अधूनमधून वापरायला काढतात. मी म्हटलं, "नाना, मला वाटतं जरा जास्त होतंय."

"तू कशात बीए?"

"इतिहासात."

"मग शिवाजीम्हाराजांच्या घोड्याची पागा केवढी व्हती ते सांग. मापाचं मिस्त्रीला सांगू दे."

मी दोन पावलं मागे सरलो. मिस्त्री मात्र चौकटीच्या एका रेघेवर पाय ठेवून उभा राहिला. "नाना, भिंत वाटेवर येती."

वाट म्हणजे नानांच्या अंगणातून जाणारी पायवाट. मागच्या आळीतल्या सगळ्यांना रस्त्यावर यायची जवळची वाट तीच. कंपनीच्या बसला जाणारी सुमनवहिनी तिथून जाते. ठाकूरवाडीच्या बाया रानभाज्यांच्या पाट्या घेऊन तिथूनच येतात. शाळेची पोरं तिथूनच पळतात. नाना ओटीवर बसून प्रत्येकाची हजेरी घेतात. "सुमन, आज पन उशीर. बस काय तुज्या सासऱ्याची हाय?" "ए ढमाले, दफ्तर आनलंस का नुसतं पोट?" बायांना तर भाजीचा भाव सांगायच्या आधीच "म्हाग हाय" म्हणतात. जाणारे उलट बोलतात, नाना त्याच्या उलट बोलतात. असा त्यांचा दिवस जातो. नानांना मूलबाळ नाही. नानी जाऊनही काही वर्षं झाली. त्या ओटीवर येणारं जाणारं माणूस असं जे काही आहे ते या वाटेवरचंच.

आणि पस्तीस बाय पस्तीसची भिंत एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत जात होती. वाट बंद. लोकांना शाळेवरून वळसा घालून जावं लागणार. नानांच्या दारासमोरून मग कुत्रंसुद्धा जायचं कारण उरणार नव्हतं.

"जाऊ दे फिरून," नाना म्हणाले. "पाय हायत सगळ्यांना."

संध्याकाळी सुमनवहिनी कामावरून आली ती त्या रेघा ओलांडत, साडी सावरत. माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाली, "तू तरी सांग त्यांना. मी म्हनले, नाना, एवढं कशाला, मी उभी ऱ्हाते मागं, तुमी घ्या गाडी. तर म्हनले, तुला काय कळतं त्यातलं."

"मग?"

"मग काय? मी म्हनले, बरं बाई, मला नाय कळत. कंपनीत मी फोर्कलिफ्टला दिवसभर मागं घ्यायला लावते, पर मला काय कळतं."

तिच्या बोलण्याने माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. मी जाऊन नानांच्या शेजारी ओटीवर बसलो. "नाना, एसटी तर तुम्ही मागे घेत होतात. कर्जतच्या स्टँडवर मी स्वतः बघितलंय. तेव्हा मान वळत होती?"

"मान आताबी वळती," नाना म्हणाले, आणि मान चारी बाजूंना फिरवून दाखवली. अगदी घुबडासारखी.

"मग?"

"एसटी मागं घेताना मी कधी मागं बघितलं नाय. ड्रायव्हरनं बघायचं नसतं. कंडक्टर खाली उतरतो, मागं उभा ऱ्हातो, शिट्टी मारतो. शिट्टी चालू हाय तवर यायचं, थांबली की थांबायचं. कंडक्टर नसंल तर गाडी जाग्यावर. आख्खी नोकरी तशी केली."

"आणि इथे?"

नानांनी तंबाखू मळायला घेतली.

"इथं तुजी नानी व्हती," ते म्हणाले. "तिला शिट्टी येत नव्हती. ती आपली, 'या, या, आजून या, या,' आसं म्हनायची, पाव्हन्याला घरात बोलवावं तसं. मधेच वाटंनं कोन गेलं की त्याच्याशी बोलत बसायची. दोनदा धुन्याच्या दगडावर घातली गाडी तिनं. मी तोंड सोडलं की म्हनायची, 'या म्हनले, घुसा नाय म्हनले.'"

मी हसलो. नानाही हसले, मग तंबाखू तशीच हातात राहिली.

"ती गेल्यावर एकदा घ्याय बसलो. गिअर टाकला. मागनं काय आवाज येईना. गिअर काढला." त्यांनी समोरच्या रेघांकडे हात केला. "पस्तीस फूट घेतलं की कोनाची गरज नाय. कोनाला हाक माराय नको."

मग नाना लगेच नेहमीच्या सुरात आले. "आता तुला काय अक्कल शिकवायची आसंल ती तोंडी नको. तोंडी बोललेलं कोन बी ऐकत नाय. केवढं बांधायचं ते लेखी दे. मिस्त्री गुरवारी पाया खनतोय."

मी रविवारी रात्री मोहोपाड्याला परतलो आणि सोमवारी हे पत्र पाठवलं.

ती. नानांस नमस्कार.

तुम्ही लेखी मागितलंत म्हणून लिहितो. माझ्या मते गॅरेज अठरा फूट लांब आणि दहा फूट रुंद बांधावं. मी मिस्त्रीला फोन करून विचारलं. एवढ्यात गाडी बसते, तिची दोन्ही बाजूंची दारं उघडतात आणि वानरं आत येत नाहीत. मुख्य म्हणजे वाट आहे तिथे राहते. वाट बंद झाली तर मागच्या आळीला थोडा वळसा पडेल, त्यांचं फार बिघडणार नाही. तुमचं बिघडेल. हे मी तुमच्यापेक्षा लहान असून लिहितोय, रागावू नका.

या मापात गाडी रोज मागे घ्यावी लागेल, हे मला कळतं. मागे कोण उभं राहणार, हाही तुमचा प्रश्न बरोबर आहे. मी चौकशी केली. सकाळी सुमनवहिनी उभी राहील. तिला यातलं कळतं, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण ती म्हणाली, "आपनहून गेले तर हाकलून देतील, त्यांनी बोलवलं तर येईन." दुपारी आमचे वडील रिकामे असतात. मला कॉलेजात घातल्याबद्दल तुम्हाला चार शब्द सुनावायचे त्यांचे अजून राहिलेत, ते गाडीच्या मागे उभं राहून सुनावतील. शनिवार-रविवार मी आहे.

नानींसारखं आमच्यातल्या कुणालाच जमणार नाही. आम्ही उशिरा थांबा म्हणू, घाबरून लवकर म्हणू, गाडीला पोचे पडतील. पडू द्या. तुम्ही फक्त ओटीवरून नाव घेऊन हाक मारा, जे जवळ असेल ते येईल.

गुरुवारी पाया खणायच्या आधी हे पत्र मिस्त्रीला वाचून दाखवावं, म्हणजे त्याला नवी फक्की मारता येईल.

आपला,
विलास