कर्णिकबाईंची तबकडी

आमच्या कर्णिकबाई भर उन्हात टॉर्च लावून गवतात शिरायच्या. पायात गमबूट, साडी घोट्याच्या वर खोचलेली, काखेत काठी आणि हातात नारिंगी प्लास्टिकची तबकडी. "काहीतरी होणार, सावंत," असं मला बजावायच्या आणि तबकडी फेकायच्या.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. मानपाड्याच्या आमच्या कंपनीत पूर्वी एक परदेशी इंजिनिअर येऊन राहिलेला. त्याने मागच्या मोकळ्या जागेत लोखंडी खांब रोवून त्यांवर साखळ्यांच्या टोपल्या बसवल्या. खेळ गोल्फसारखाच, फक्त चेंडूऐवजी तबकडी. ती फेकत फेकत न्यायची आणि कमीत कमी फेकींत टोपलीत पाडायची. साहेब मायदेशी गेला, मैदानात घाणेरी आणि टाकळा माजला, एका टोपलीत बुलबुलाने घरटं केलं. सगळे तो खेळ विसरले. लॅबमधल्या कर्णिकबाई तेवढ्या शनिवारी हाफ-डे संपला की तिकडे निघायच्या. एकटीला भीती वाटते म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मला सोबत न्यायच्या.

भीती कशाची नव्हती ते विचारा. साप, वीज, गॅसगळती, आकाशातला एखादा चुकार ढग. फोन वाजला की आधी खुर्चीत नीट बसायच्या, मग रिसीव्हर उचलायच्या. आठवडा सुखरूप गेला तर जास्तच धास्तावायच्या. "या आठवड्यात काहीच झालं नाही हो. म्हणजे पुढच्या आठवड्यात डबल!" हळूहळू मलाही लागण झाली. मी घरी चप्पल झटकून घालायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, "त्या बाईंबरोबर जाणं बंद करा."

खरी धास्ती मात्र तबकडीची होती. साहेबाने मागे ठेवलेल्यांपैकी ती शेवटची. डोंबिवलीच्या बाजारात मुलांच्या चकत्या मिळायच्या, पण त्या वाऱ्यावर कुठेही भरकटायच्या.

आणि एका शनिवारी व्हायचं ते झालं. बाईंच्या हातून तबकडी निसटली, बाभळीवर आपटली आणि घाणेरीच्या दाट जाळीत गेली. आत काहीतरी सळसळलं. मी जागच्या जागी थिजलो.

"बाई, राहू द्या. सोमवारी बघू."

बाईंनी ऐकलंच नाही. काठी, टॉर्च तिथेच टाकून त्या सरळ जाळीत घुसल्या. साडी टरकन फाटली, हातावर ओरखडे उठले. शेवटी ऊन उतरल्यावर वॉचमन ओरडला, "ओ बाई, गेट बंद करायचंय!" तेव्हा त्या रिकाम्या हाताने बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक.

"सावंत, घरापर्यंत येता? आज मला एकटीला घरी जाववणार नाही."

रिक्षाने ठाकुर्लीला गेलो. पुढच्या खोलीत खिडकीशी कॉटवर बाईंचे यजमान, कर्णिक, पडून होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, वाचाही जवळजवळ गेलेली. बाईंनी ऑफिसात याचा कधी उच्चार केला नव्हता. आम्हाला पाहताच कर्णिकांनी डावा हात उशीवर टेकवून उठायचा प्रयत्न केला.

"कि... किती?"

"किती फेकी लागल्या, दर शनिवारी एवढंच विचारतात," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "बाकी आठवडाभर काही नाही."

फाटका पदर पाठीमागे लपवत त्या कॉटच्या कडेला बसल्या आणि सांगायला लागल्या. तबकडी पहिल्या टोपलीत तीन फेकींत कशी गेली, बुलबुलाच्या घरट्याला धक्का न लावता ती खांबाला कशी टेकवली. तबकडी पुढच्या आठवड्यात वॉचमनने कोयत्याने जाळी तोडून काढून दिली. पण त्या संध्याकाळी ती नव्हती, आणि बाई सांगत होत्या तो खेळ कोणी खेळलाच नव्हता. कर्णिक अर्ध्या ओठांनी हसत होते. बाभळीपाशी आल्यावर बाई माझ्याकडे वळल्या.

"मग... बाभळीच्या... हो ना, सावंत?"

"हो तर!" मी स्टूल ओढून कॉटजवळ बसलो. "बाभळीच्या वरून गेली, साहेब. आम्हाला वाटलं, गेली आता. तर पलीकडे साखळ्या खळ्ळकन वाजल्या!"

कर्णिकांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. ओठ बराच वेळ नुसते हलले.

"पु... पुढे?"

बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. चहाचं भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला, पण गॅस पेटवल्याचा काही आला नाही. मी पुढचं सांगत राहिलो.