न धुतलेला शर्ट आणि शेवटचं प्रकरण

प्रेमकथा कशी लिहावी असं मला कुणी विचारलं, तर मी छातीठोकपणे सांगेन, आधी मशीनला कपडे लावावेत. चंद्र, गुलाब, खिडकीतून येणारी झुळूक, यातलं मला काही लागलं नाही. माझी अख्खी कादंबरी, शेवटचं प्रकरण सोडून, आमच्या वॉशिंग मशीनच्या घरघरीवर लिहून झाली.

त्याचं असं आहे, आमच्या घरी एक साहेब राहतात. त्यांना अजून चालता येत नाही, दातही मोजकेच आहेत, पण हुकमत सेनापतीची. दुपारी ते झोपले तर मी लेखिका, जागे राहिले तर नुसती आई. आणि झोपायला त्यांना एकच आवाज चालायचा. अंगाई म्हटली की ते हसायचे, थोपटलं की चिडायचे. पण आमचं जुनं मशीन घर्रर्र करत फिरू लागलं की त्यांचे डोळे असे मिटायचे, जसं कुणी दुकानाचं शटर खाली ओढावं. मशीन थांबलं की शटर वर.

मग मी काय करणार? धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायचे. आमच्या चादरींवर पूर्वी फुलं होती, ती आता फक्त मला ठाऊक आहेत. मशीनच्या डोक्यावर कागद ठेवायचे आणि उभ्यानंच लिहायचं. लॅपटॉप उघडायची सोय नव्हती, कारण साहेबांना झोपेतही त्याचा वास येतो. पहिली प्रकरणं प्रकाशनाकडे पाठवली तेव्हा संपादकबाईंचा फोन आला.

"तुमचं अक्षर फार थरथरतं हो," त्या हळव्या आवाजात म्हणाल्या. "अगदी आतून लिहिता तुम्ही."

मी "हो ना" म्हटलं. त्या पानांच्या वेळी मशीन कपडे पिळत होतं, हे सांगून कशाला त्यांचा हिरमोड करायचा?

विरह मात्र मला शोधावा लागला नाही. तो घरपोच होता. माझा नवरा पुलाच्या कामावर असतो, खूप लांब. नदीच्या दोन्ही काठांवरून पूल बांधत आणायचा आणि मधोमध ती दोन टोकं नेमकी एकमेकांना भेटतील असं बघायचं, हे त्याचं काम. जगाची टोकं जुळवतो आणि स्वतःची सुट्टी काही जुळवता येत नाही. फोनवर आम्ही बोलायचो, पण साहेबांना फोन खायचा असायचा, त्यामुळे बोलणं सगळं "काढ त्याच्या तोंडातून" या विषयावर.

बाकी जे बोलायचं राहून जायचं, ते मी कादंबरीत घालायचे. माझा नायकही दूर गेलेला, नायिका वाट बघणारी. आणि लिहायला बसण्याआधी, म्हणजे उभं राहण्याआधी, मी बेडरूमच्या दारामागे जायचे. तिथे खुंटीला त्याचा एक शर्ट होता. मागच्या खेपेला जाताना काढून टाकलेला. घरातली एकूण एक वस्तू मी रोज धुवायचे, तो शर्ट सोडून. त्याच्या कॉलरशी नाक नेलं की लोखंड, धूळ, दाढीचा साबण आणि तो, असं सगळं एकत्र यायचं. एक श्वास घ्यायचा आणि एक पान लिहायचं. वास उडून जाईल म्हणून दुसरा श्वास घ्यायचे नाही. पुरवून वापरत होते.

अशी अकरा प्रकरणं झाली. मग संपादकबाई म्हणाल्या, "आता त्याला परत आणा."

"कुणाला?"

"नायकाला. वाचकांनी किती वाट बघायची? शेवटचं प्रकरण महिनाअखेर माझ्या टेबलावर हवं. नाही आलं तर तुमच्या जागी 'कुंडीतली भाजी' छापायला जाईल. तिचे लेखक रोज फोन करतात."

भाजीपुढे हरायचं नाही, असं मी ठरवलं. पण तो परत येतो तेव्हा काय होतं, हेच मला आठवेना. दार उघडल्यावर आधी कोण बोलतं? हात कुठे ठेवतात? मी कपडे लावत राहिले आणि कोऱ्या कागदाकडे बघत राहिले. विचार करायला वेळ हवा म्हणून दिवसाला तीन-तीनदा मशीन फिरवलं. शेवटी मशीननं अंग टाकलं. खालून पाणी गळायला लागलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतावर एक मोठा ओला डाग उमटला.

काकू वर आल्या. रागावल्या नाहीत, काकू कधी रागवत नाहीत, त्या मदत करतात. ते जास्त जड जातं. त्यांनी लगेच त्यांच्या ओळखीचा मेकॅनिक बोलावला.

त्यानं मशीन उघडलं आणि कपाळाला हात लावला. "बेअरिंग पार गेलंय, ताई. एवढे दिवस चाललं कसं? घरात माणसं किती?"

"दीड."

"दीड माणसाचे एवढे कपडे?"

मी साहेबांकडे बोट दाखवलं. साहेबांनी लाळ गाळून दुजोरा दिला.

नवीन बेअरिंग बसवून त्यानं मशीन चालू केलं आणि हात झटकत म्हणाला, "आता बघा. चालू आहे की बंद, तेसुद्धा कळणार नाही."

खरंच कळत नव्हतं. मशीन नुसतं गोल फिरत होतं, सायीसारखं मऊ. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. डोळे टक्क. त्या दुपारी ते झोपले नाहीत. दुसऱ्याही दुपारी नाहीत. तिसऱ्या दिवशी मी मेकॅनिकला फोन लावला.

"मशीनचा आवाज येत नाहीये."

"नाहीच येणार, ताई. नवीन बेअरिंग आहे."

"मला जुनं हवंय."

"जुनं भंगारात गेलं."

"मग हेच थोडंसं बिघडवून द्या ना. फार नको. पहिल्याइतकंच."

मग तो अगदी जपून म्हणाला, "ताई, घरात कुणी मोठं माणूस आहे का?"

आता जे करायचं ते मलाच करायचं होतं. मी रिकाम्या मशीनमध्ये माझे बूट टाकले. धाडधाड आवाज झाला आणि साहेब टाळ्या पिटायला लागले. स्टीलची वाटी टाकली, त्यांना ती बाहेर काढून हवी झाली. वाटी आणि बूट एकत्र टाकल्यावर खालच्या काकूच वर आल्या.

"अगं, छत पडतंय की काय माझं?"

"काकू, जरा बघता का? याला बदलून आणते." साहेबांनी नेमकी तीच वेळ साधली होती. मी त्यांना घेऊन बाथरूममध्ये गेले.

परत आले तेव्हा मशीन अगदी शांतपणे चालू होतं आणि काकू हात पुसत उभ्या होत्या.

"रिकामं मशीन फिरवलं तर वाजणारच ना. आणि त्यात बूट कसले घालतेस? मी काढले. इकडेतिकडे पडलेलं होतं ते टाकलं आत. आणि तो दारामागचा शर्ट. किती दिवस धुतला नव्हतास गं? नुसता कळकट झाला होता."

मशीनच्या गोल काचेमागे फेस होता. त्या फेसातून एक बाही वर यायची, काचेला चिकटायची आणि पुन्हा खाली जायची, कुणीतरी गाडीच्या खिडकीतून हात हलवत लांब जावं तशी. दार उघडेना, आत पाणी होतं. मी साहेबांना कडेवर घेऊन तिथेच फरशीवर बसले आणि रडले. लेखिकेला शोभेल असं नाही. नाक गळेपर्यंत.

"अगं, रडतेस काय? कॉलर निघेल स्वच्छ," काकू म्हणाल्या. खाली जाऊन त्यांनी आधी मेकॅनिकला फोन केला आणि नंतर माझ्या नवऱ्याला. काय बोलल्या ते मला नंतर त्याच्याकडूनच कळलं. "हे बघ, घाबरू नकोस. पण ती बूट धुते, शर्ट धुतला की रडते, आणि चांगलं मशीन बिघडवून मागते. तू येऊन जा."

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला होता. माझ्याजवळ आवाज नव्हता, वास नव्हता, आणि नायक अजून कुठेतरी वाटेतच होता. दुपारभर खांद्यावर घेऊन फिरवल्यावर साहेबांची ताठ मान जरा ढिली पडली. डोळे मिटत आले. आणि दाराची बेल वाजली. दारावर मी ठळक अक्षरांत 'बेल वाजवू नये' असं लिहून ठेवलं होतं. मी तशीच दात-ओठ खात गेले आणि दार उघडलं.

तो उभा होता. दाढी वाढलेली, खांद्यावर बॅग, भुवयांपर्यंत धूळ.

अकरा प्रकरणं मी या क्षणासाठी खर्ची घातली होती. माझ्या टिपणांप्रमाणे नायिकेच्या हातातून काहीतरी गळून पडणार होतं आणि तिला शब्द फुटणार नव्हता. मला फुटले.

मी म्हटलं, "शू. चपला हातात घे."

त्यानं चपला हातात घेतल्या. एवढा मोठा माणूस, पूल बांधणारा, हातात चपला घेऊन बोटांवर चालत आत आला आणि सोफ्याच्या काठावर टेकला. साहेब उठलेच. त्यांनी या धुळीच्या माणसाकडे निरखून बघितलं आणि भोकाड पसरलं.

"ओळखत नाही मला," तो म्हणाला. हसायला गेला, पण ते जमलं नाही.

"ओळखेल. दाढी आहे ना."

"तू बरी आहेस?"

"मी बरीच आहे. काकूंनी काहीतरी सांगितलं का?"

"तू शर्टासाठी रडत होतीस म्हणे." त्यानं बॅग उघडली आणि एक घट्ट बांधलेली पिशवी माझ्या हातात दिली. "चार दिवस घातलेला आहे. उन्हातला. तिथे सगळे मला हसले, धुवायला नेतोस की काय बायकोकडे म्हणून."

मी पिशवी उघडली नाही. उघडली असती तर पुन्हा नाक गळलं असतं, आणि मला एकच दिवस मिळाला होता. त्यालाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं होतं. पुलाचा मधला तुकडा बसायचा होता.

"आज संध्याकाळपर्यंत माझं प्रकरण जायला हवं," मी म्हटलं. "नाहीतर भाजी छापतील."

त्याला काही कळलं नसावं, पण त्यानं हात पुढे केले. "दे त्याला. तू लिही."

रडणाऱ्या साहेबांना छातीवर घेऊन तो सतरंजीवर आडवा झाला. "आपण थोडा वेळ बोलू मग," असं म्हणता म्हणता त्याचा डोळा लागला. आणि तो घोरायला लागला. घर्रर्र, जरा थांबून, घर्रर्र. साहेबांचं रडणं मध्येच थांबलं. त्यांनी मान वर केली, ऐकलं, आणि गाल बापाच्या छातीवर टेकला. शटर खाली.

तेव्हा मला कळलं की साहेबांना मशीनचा लळा नव्हताच. पहिले काही आठवडे ते याच छातीवर झोपायचे, याच आवाजात. तेही माझ्यासारखे पुरवून पुरवून वापरत होते.

खालून काकूंची हाक आली, "पुन्हा बिघडलं का गं ते मशीन?"

मी कागद घेऊन त्या दोघांच्या शेजारी जमिनीवर बसले. त्याला उठवावं असं फार वाटत होतं. किती साठलं होतं बोलायचं. पण उठवलं तर साहेब उठणार, आणि न उठवता नुसतं बघत बसले तर प्रकरण जाणार. मग मी बघत बघत लिहिलं. त्याच्या हाताला नवीन व्रण होता, तो लिहिला. कानामागची धूळ लिहिली. झोपेतही त्याचा तळवा बाळाच्या पाठीवर कसा होता, तेही लिहिलं. तो घरात होता, हाताच्या अंतरावर, आणि मला त्याची आठवण येत होती. तेवढं लिहिलं आणि प्रकरण संपलं.

काकू बाहेर निघाल्याच होत्या, त्यांच्या हातून कागद प्रकाशनाकडे धाडले. संध्याकाळी संपादकबाईंचा फोन.

"अक्षर आज एकदम स्थिर आहे. पण हे काय? अकरा प्रकरणं जिनं वाट बघितली, तिचा नायक येतो आणि झोपतो?"

"दमून आलेला असतो ना."

"एक शब्द बोलत नाही?"

"बोलणार असतो. मग."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "आमचेही असेच. राहू दे," आणि फोन ठेवला. भाजी पुढच्या महिन्यावर गेली.

पुस्तक निघालं तेव्हा त्याची पहिली प्रत मी पुलावर पाठवली. पुढे एका दुपारी त्याचा फोन आला. साहेब खेळत होते, फोन माझ्याच हातात होता.

"वाचलं," तो म्हणाला. "इथे सगळ्यांनीच वाचलं. विचारतात, हा नायक कोण म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"मला काय माहीत? कोण आहे?"

मी मशीनवर हात टेकून उभी राहिले.

"पण माणूस बरा वाटतो," तो म्हणाला. "एवढ्या लांबून बायकोला भेटायला येतो, म्हणजे बराच असणार."

"बरा आहे," मी म्हटलं. "झोपतो फार."