डार्करूममधला गुडघा

"तीन मजले, लिफ्ट नाही, आणि पंधरा दिवसांत बाळ येणार. कळतंय का तुला?" बाईंनी आपल्या उजव्या गुडघ्याला खडसावलं. गुडघा नुसता कट् करून वाजला.

लेकीचं पहिलं बाळंतपण आणि आईला तिच्या दारापर्यंत पोचता येईना, याने बाईंचा जीव खालीवर होत होता. शाळेत हयात गेल्यामुळे त्यांना सगळे बाईच म्हणत, नवरासुद्धा. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले आणि जाता जाता लाल उजेडाच्या यंत्राचं नाव काढलं. रोज दहा मिनिटं गुडघ्यासमोर धरायचं म्हणे. किंमत ऐकून नवरा खुर्चीतून उठलाच.

"लाल उजेडाला पैसे? अगं, चाळीस वर्षं मी लाल उजेडातच काढली. डार्करूममध्ये दिवा आहे की आपला. एकदम फुकट!"

नवरा फोटोवाला. तळमजल्यावर घराला लागून असलेला स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मागची डार्करूम तशीच होती. आता त्या दिव्याचा एकच गुण असतो, तो म्हणजे त्याचा फोटोच्या कागदावर काडीचाही परिणाम होत नाही. म्हणूनच तर तो तिथे लावतात. पण 'फुकट' म्हटलं की फोटोवाल्याला पुढचं काही आठवत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता बाई स्टुलावर बसल्या. दार बंद झालं आणि लाल दिवा लागला. डोळे सरावल्यावर बाईंना दिसलं, की डोक्यावरच्या दोरीला माणसं टांगलेली आहेत. कुणी न्यायलाच न आलेले पासपोर्ट फोटो. सगळे समोर बघत होते, म्हणजे बाईंकडे.

"यांना काढा हो."

"पैसे दिलेत त्यांनी. कधी ना कधी येतील," फोटोवाला म्हणाला. मग खोल आवाजात त्याने सुरू केलं, "एक... दोन... तीन..."

"काय मोजताय?"

"मी? मी कुठे मोजतोय?"

लाल दिवा लागला की त्याचं तोंड आपोआप सेकंद मोजत असे. फोटो धुताना जडलेली सवय. रोज चारला दार बंद व्हायचं, फटीतून लाल रेघ दिसायची आणि आतून तो आवाज यायचा. चौथ्या दिवशी त्यांच्याच इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बाईंना जिन्यात गाठलं.

"बाई, आत काय चालतं हो तुमच्याकडे?"

"गुडघा बरा करतोय."

"कुणाचा?" काकूंनी आवाज खाली आणून विचारलं. त्या दिवसापासून स्टुडिओच्या दारासमोरून सगळे झपझप जाऊ लागले.

दहा दिवस झाले. गुडघा होता तसाच. मग फोटोवाल्याने सुचवलं, की बसतेसच तर गरम मिठाच्या पाण्यात पायही बुडव, म्हणजे एका बसण्यात दोन उपचार. फोटो धुवायची मोठी पसरट थाळी होतीच. "मिठाचा डबा फळीवर ठेवलाय," असं सांगून तो पाणी तापवायला गेला.

फळीवर दोन डबे होते, दोन्ही कोरे. म्हणजे एकावर मोठ्या लाल अक्षरांत फोटो धुवायच्या औषधाचं नाव होतं, पण लाल उजेडात लाल अक्षरं दिसत नाहीत. बाईंनी हाताला आला त्यातल्या दोन मुठी टाकल्या. थाळी डागाळलेली होती, म्हणून फळीवरच्या काळ्या पाकिटातला एक गुळगुळीत पांढरा कागद तळाशी घातला. नवऱ्याने पाणी ओतलं. बाईंनी पाय बुडवले.

"एक... दोन... तीन..."

विसाला कागदावर दोन डाग आले. तिसाला त्यांचे डोळे झाले. मग केस, हनुवटी, घट्ट मिटलेले ओठ. बाईंच्या पायांच्या मधून एक तरुण मुलगी पाण्याखालून, पापणी न लववता, वर बघत होती.

बाई ओरडल्या नाहीत. त्या उठल्या, दार उघडलं आणि ओल्या पायांनी जिना चढून थेट तिसऱ्या मजल्यावर काकूंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

मागून धापा टाकत फोटोवाला कागद घेऊन आला.

"अगं, तूच आहेस ती! नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आली होतीस, आठवतं?"

"बघू." पण उजेडात आणलेला तो कच्चा फोटो हातातल्या हातात काळवंडत गेला. डोळे सगळ्यांत शेवटी गेले.

"ती मी नव्हते," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही चढून आलात!" काकू म्हणाल्या. त्याबरोबर गुडघ्याला आठवलं आणि बाई मटकन खाली बसल्या.

बाळ ठरल्याहून दोन दिवस आधीच आलं. लेक ते घेऊन स्वतःच्या घरी आली, त्या दिवशी तिच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर बाई थांबल्या. डोळ्यांत पाणी आलं. "नाही हो जमत. तुम्ही जा, बघून या."

फोटोवाला त्यांच्या कानाशी वाकला आणि खोल आवाजात म्हणाला, "एक... दोन... तीन..."

बाईंनी मागे रिकाम्या जिन्याकडे एकदा पाहिलं आणि उरलेला मजला चढून गेल्या.

लेकीने दार उघडून बाळ हातात दिलं. घट्ट मिटलेले ओठ, आणि पापणी न लववता वर बघणारे तेच डोळे.

"हीच," बाई हळूच म्हणाल्या. "पाण्यातली. हीच होती."

"लोक म्हणतील, आजीवर गेलीय," फोटोवाला म्हणाला.

बाईंनी बाळाला खांद्याशी धरलं. मग त्यांनी विचारलं, "माझा फोटो तर तुम्ही तेव्हाच दिला होतात. मग थाळीतला तो कुठला?"

"दुसरा काढला होता. माझ्यासाठी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पण तो कागद धुवायचा धीर झाला नाही."