पाटी दोन फूट सरकवण्याबाबत

माणसाच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका काहीतरी करायला गेल्यामुळे होतात. न केलेल्या कामात चूक निघाल्याचे एकही उदाहरण नाही. या तत्त्वावर माझी तीन मजली इमारत आणि तिच्यातले नऊ गाळे गेली बावीस वर्षे सुरळीत चालू आहेत.

गाळेधारक म्हटला की सुधारणा मागणारच. दातांच्या डॉक्टरांना जिन्याला कठडा हवा, चष्मेवाल्यांना छताची गळती नको, केशकर्तनालयाला नळाला पाणी हवे. (नळ आहे. माणसाने हाव तरी किती करावी?) यासाठी मी एक कार्यपद्धती घालून दिली आहे. विनंती माझ्या छापील अर्जावर द्यावी, दोन प्रतींत. पहिली प्रत फायलीला लागते. दुसरी, पहिली हरवलीच तर असावी म्हणून, त्याच फायलीला लागते. मग मी तिच्यावर ‘बघू’ असा शेरा मारतो आणि विनंती मुरायला ठेवतो.

या पद्धतीचे यश आकड्यांतच पाहावे. आजवर आलेल्या एकसष्ट विनंत्यांपैकी चोवीस कामे गाळेधारकांनी कंटाळून स्वतःच उरकली. एकोणीस जणांना गैरसोयीची सवय झाली. अकरा विनंत्या अर्जदारच विसरले आणि सहा फायलीत सापडत नाहीत. (त्याअर्थी त्या नव्हत्याच.) उरली एक. ती तळमजल्यावरच्या शिंपीमास्तरांची.

मास्तरांच्या गाळ्याला एकच खिडकी आणि तिच्यावर बाहेरून इमारतीची पाटी. पाटीवर माझ्या वडिलांचे नाव आहे. वडिलांचे नाव लहान अक्षरांत लिहिणारा मुलगा मी नव्हे, त्यामुळे खिडकी पुरती झाकली गेली. मास्तरांचे म्हणणे एवढेच, की पाटी दोन फूट डावीकडे सरकवा. त्यांच्या दिव्याच्या उजेडात काळे कापड आणि गडद निळे कापड सारखेच दिसते, म्हणून तुकडा न् तुकडा घेऊन त्यांना फुटपाथवर जावे लागते. (साठी उलटलेल्या माणसाला एवढे चालणे चांगलेच.) मी भर दुपारी जातीने पाहणीही केली. पाहणीत आक्षेपार्ह काही दिसले नाही. काहीच दिसले नाही.

अकरा वर्षे मास्तरांनी दरवर्षी न चुकता हाच अर्ज दिला. यंदा अर्ज आला नाही, मास्तरच आले.

“मालक, समोरच्या इमारतीत गाळा ठरवलाय. महिनाअखेरीला निघतो.”

“अहो मास्तर, असं काय करता? बघू की!”

“तुम्ही निवांत बघा. मला दिसत नाही.”

मी ते मनावर घेतले नाही, कारण त्याच आठवड्यात आमच्या गाळेमालक संघाने मला ‘आदर्श मालक’ म्हणून गौरवायचे ठरवले होते. (निकष: वर्षभरात इमारतीत एकही खिळा न ठोकणे.) समारंभासाठी काळा कोट हवा होता आणि माझे माप मास्तरांशिवाय कोणाला ठाऊक? जाता जाता तेवढा शिवून द्या म्हणालो. त्यांनी दिला.

समारंभ सकाळी, उघड्या मैदानावर होता. मी कार्यपद्धतीवर बोलत होतो आणि पहिल्या रांगेतून बायको सारखी दंडाकडे बोट दाखवत होती. मला वाटले, भाषण रंगले. शेवटी अध्यक्षांनी फोटोसाठी माझा उजवा हात उंचावला. कोट काळा होता. ती बाही निळी होती.

मी तडक मास्तरांचे दुकान गाठले. ते कोट घेऊन फुटपाथवर आले, बाही उन्हात धरली आणि पायरीवर मटकन बसले. “सामान बांधायच्या गडबडीत बाही उन्हात बघायची राहिली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं हो, मालक,” एवढेच म्हणाले. मी चांगला तावातावाने भांडायला गेलो होतो, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मला वाईट वाटले आणि लाजही वाटली. एरवी अशा गोष्टींची मी नोंद ठेवत नाही.

“बाही बदलून द्याल ना?” मी हळूच विचारले.

मास्तर सावरले. “अर्ज लागेल. दोन प्रतींत.”

मी तिथेच पायरीवर बसून खिशातले कोरे अर्ज भरले. ‘विनंतीचे कारण’ या रकान्यात, दुसरे काही सुचेना म्हणून, ‘खिडकीवर पाटी’ असे लिहिले. मास्तरांनी अर्ज हात लांब करून वाचला आणि खडूने वर शेरा मारला: बघू.

दुसऱ्या दिवशी पाटी सरकली. दोन माणसे, एक शिडी, वीस मिनिटे. (पैकी आठ मिनिटे शिडी शोधण्यात गेली.) उजेड थेट मशीनवर पडला. मास्तरांनी पहिल्याच प्रयत्नात सुईत दोरा ओवला, माझ्याकडे बघितले आणि बांधलेल्या सामानाची गाठ सोडायला घेतली.

तर कार्यपद्धतीला असे गालबोट लागले. अकरा वर्षांचे काम वीस मिनिटांत झाल्याचे बाकीच्या आठ गाळ्यांना कळले असून, संघाने सन्मानपत्र परत मागितले आहे.

तुम्ही मघापासून हसताय. काय एकेक नमुने असतात मालक लोक, असे मनात म्हणालातही. हरकत नाही. पण तुमच्या न्हाणीघराच्या दाराची ती कडी, जी लागत नाही म्हणून घरातले माणूस आत गेल्यावर गाणे म्हणत बसते, ती ‘या रविवारी बघू’ म्हणाला होतात. तो रविवार कोणत्या साली येतो? माझ्याकडे कोरे अर्ज भरपूर उरलेत. घरी कोणाच्या नावाने पाठवू?