सिंह बघायचा हंगाम

हवापाण्याच्या बाबतीत तारापुरात कमलाकांतचा शब्द शेवटचा! निदान कमलाकांतचं तरी तसं म्हणणं होतं. खाडीकाठच्या मिठागरावर तो मुकादम होता, आणि आभाळ वाचता आल्याशिवाय मीठ काही पिकत नाही. रोज सकाळी तो अंगणात उभा राहायचा, चिमूटभर माती हवेत सोडायचा, ती कुठे उडते ते बघायचा आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "आज कडक ऊन! पापड घाला वाळत!" बायका पापड घालायच्या. दुपारी पाऊस आलाच तर कमलाकांत मुळीच ओशाळायचा नाही. म्हणायचा, "हा आपला पाऊस नव्हे. गुजरातचा होता, वाट चुकून इकडे आला!"

आभाळाचा असा हा जाणकार जमिनीवरच्या जवळजवळ सगळ्या गोष्टींना भ्यायचा. पाल, म्हैस, इंजेक्शनची सुई, दुसऱ्या आळीतलं कुत्रं! जन्म समुद्राकाठी गेला, पण होडीत पाय ठेवायचा म्हटलं की दहा पावलं मागे. खाडी ओलांडायची झाली तर ओहोटीची वाट बघत बसायचा आणि गुडघाभर चिखलातून चालत पलीकडे जायचा. "पायांना चिखल चांगला," असं वर कारण सांगायचा. मिशी भरघोस असल्यामुळे लोकांना ते पटायचंही.

पण या माणसाच्या नशिबात आफ्रिका होती.

त्याची बायको वत्सला. तिची पाठची बहीण मंगला लग्न होऊन नैरोबीला गेली ती गेलीच. दोघी बहिणींचा जीव एक. दिवाळीत करंज्या तळताना वत्सला एक करंजी मंगलाच्या नावाची बाजूला ठेवायची, आणि ती मऊ पडून मुंग्या लागेपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. मंगलाचा नवरा वामन तिकडे एका मोटार कंपनीत होता. पाहुण्यांना जंगलात नेऊन जनावरं दाखवायची, हा त्या कंपनीचा धंदा. दर वर्षी त्याचा निरोप यायचा, "तुम्ही दोघं याच! सिंह दाखवतो!"

वत्सलाला सिंहाशी काही देणंघेणं नव्हतं, तिला बहीण बघायची होती. कमलाकांतला मात्र त्या निरोपात सिंह तेवढा ऐकू यायचा.

आपण भितो, हे बायकोला सांगायचं कसं? म्हणून त्याने अक्कल लढवली होती. दिवाळीनंतर मिठागराची बांधबंदिस्ती, मग वैशाखापर्यंत मिठाचा हंगाम. मोकळा कधी, तर पावसाळ्यात. आणि पावसाळ्यात जंगल बघायला जाईल असा शहाणा जगात कोण आहे? तेव्हा तो छाती पुढे काढून बेधडक म्हणायचा, "अगं, माझी तयारी आहे! मृग लागू दे, मी मोकळाच! जुलै म्हण, ऑगस्ट म्हण, उद्या जाऊ!" पावसाच्या कुंपणामागे आपण सुखरूप आहोत, अशी त्याची खात्री होती.

त्या वर्षी चैत्रात वामन स्वतःच जहाजाने येऊन दारात उभा राहिला. मोठ्ठी ट्रंक, अंगात खाकी, चेहरा उन्हाने तांब्यासारखा. चहा झाला, मंगलाच्या आठवणीने वत्सलाचं रडून झालं, आणि मग विषय निघाला.

"आमच्या ह्यांची केव्हाचीच तयारी आहे," वत्सला म्हणाली. "फक्त पावसाळ्यातच सवड असते त्यांना."

"काय करणार, वामनराव!" कमलाकांतने मोठा सुस्कारा टाकला. "जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडे चिखलच चिखल असणार. आमचं नशीबच..."

"अहो भाऊ, तुम्ही तर सगळा अभ्यास करून बसलाय!" वामनने मांडीवर थाप मारली. "जुलै-ऑगस्ट! आमच्याकडचा सगळ्यांत उत्तम हंगाम! लोक त्यासाठी विलायतेहून येतात!"

कमलाकांतच्या हातातली बशी कलली. "पाऊस... नसतो?"

"मोठा पाऊस मार्चमध्ये लागतो आणि मे संपता संपता उघडतो. तेव्हा येऊन उपयोग नाही. मोटारी रुततात, गवत डोक्याएवढं, जनावर दोन हातांवर असलं तरी दिसत नाही. दिवाळीच्या सुमाराला पुन्हा थोडा पाऊस. पण तुमचा पावसाळा तो आमचा कोरडा काळ! गवत वाळून खाली बसतं, डबकी आटतात, मग उरलेल्या पाणवठ्यावर झाडून सगळी जनावरं येतात. हरणांचे कळप असे येतात, की जमीनच चालतेय असं वाटावं! आणि कळपामागे सिंह. अहो, ऊन लागलं की मोटारीच्या सावलीला येऊन बसतात!"

"मोटारीच्या... सावलीला?"

"एखादा टपावरसुद्धा चढतो!"

कमलाकांतला ठसका लागला. तो इतका लागला, की वत्सलाने पाठ चोळली, वामनने पाणी आणलं. त्यातून तो सावरेपर्यंत दोघांचं सगळं ठरलंही होतं. "तिकिटांचं माझ्यावर सोपवा," असं सांगून वामन कंपनीच्या कामाला मुंबईस निघूनही गेला.

कमलाकांतची झोप उडाली. पासपोर्टसाठी फोटो काढायला तो पालघरला गेला, तर फोटोवाला म्हणाला, "मुकादम, डोळे जरा बारीक करा. हा फोटो बघून तिकडचे लोक विचारतील, कुणी पाठलाग करतंय का?" घरी मांजर ओरडलं तरी हा दचकायचा.

एकच वाट उरली होती. आपण 'नाही' म्हणायचं नाही, वत्सलालाच म्हणायला लावायचं! जुलैत जहाजाने जायचं म्हणजे भर पावसाळ्यातला खवळलेला समुद्र. त्याची थोडीशी चव आधीच चाखली तर? बाईमाणूस, घाबरेल, पोटात ढवळेल आणि स्वतःच म्हणेल, "नको गं बाई तो प्रवास!" मग आपण मोठ्या मनाने म्हणायचं, "बरं, तुझ्यासाठी राहू दे."

झालं! तो नवापूरला गेला. तिथला होडीवाला नवशा तांडेल त्याच्या ओळखीचा. मासळी खारवायला नवशाच्या घरी मीठ जायचं ते कमलाकांतच्याच मिठागरावरून.

"नवशा, मला आणि तुझ्या वहिनीला होडीतून फिरवून आण. जरा वारा असेल असा दिवस बघ. म्हणजे... होडी थोडी हलली पाहिजे."

नवशाने हातातलं जाळं खाली ठेवलं. "मुकादम, लोक म्हणतात होडी हलू नको देऊ. तुमी म्हणता हलव?"

"जहाजाची सवय व्हायला हवी रे! आफ्रिकेला चाललोय आम्ही!"

मे महिना सरत आला होता. नवापूरच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायची तयारी चालली होती. ठरल्या दिवशी वत्सला डबा भरून, डोक्याला रुमाल बांधून तयार. लहान मुलीसारखी खूश! नवशा आणि त्याचा भाऊ जानू होडीपाशी उभे होते, पण नवशाची नजर दक्षिणेकडे होती.

"मुकादम, आज राहू द्या. खाली काळं धरलंय. दर्याचा रंग बरा नाय."

कमलाकांत मनातून म्हणाला, 'राहू दे!' पण वत्सला शेजारी उभी. आणि आभाळाच्या बाबतीत दुसऱ्याचं ऐकायचं? त्याने चिमूटभर वाळू हवेत सोडली. वाळू सरळ त्याच्याच डोळ्यांत गेली.

"काही नाही!" तो डोळे चोळत म्हणाला. "मृगाला अजून अवकाश आहे. तासाभरात फिरून येऊ."

होडी पाण्यात गेली. पहिल्या लाटेला कमलाकांतने वत्सलाकडे मोठ्या आशेने बघितलं. वत्सला हसत होती! दुसऱ्या लाटेला ती म्हणाली, "अहो, झोपाळ्यासारखं वाटतंय हो!" तिसऱ्या लाटेला सकाळी खाल्लेलं थालीपीठ कमलाकांतच्या घशाशी आलं, आणि त्यानंतर लाटा मोजायचं भान त्याला उरलं नाही. घरं खेळण्यासारखी दिसायला लागली. माडांची रांग भुवईएवढी झाली.

"नवशा, पुरे! वहिनी घाबरल्यात!"

"मी नाही हो घाबरले!" वत्सला म्हणाली.

इतक्यात वारा पडला. एकदम! शीड चिंधीसारखं लोंबलं. पाण्याचा आवाजही थांबल्यासारखा झाला. नवशा आणि जानूने एकमेकांकडे बघितलं. दक्षिणेकडची काळी भिंत आता अर्ध्या आभाळावर चढली होती.

"जानू, शीड उतरव!" नवशा ओरडला.

शीड अर्धं उतरलं असेल नसेल, वारा आलाच. येताना गरजत आला. होडी आडवी झाली, एका बाजूने समुद्र सरळ आत आला. पाऊस पडत नव्हता, फेकून मारल्यासारखा लागत होता. किनारा नाहीसा झाला. आभाळ कुठलं, पाणी कुठलं, कळेना. कमलाकांतने डोलकाठीला मिठी मारली ती अशी, की जानूला दोर सोडवायला त्याचे हात उचकटावे लागले.

"वहिनी, पाणी उपसा!" नवशाने हाक दिली.

वत्सलाने डब्यातल्या पोळ्या समुद्रात भिरकावल्या आणि त्याच डब्याने सपासप पाणी उपसायला लागली. केस सुटलेले, पातळ अंगाला चिकटलेलं, पण हात थांबेना. मग एक लाट आली. डोंगरच तो! होडी तिच्यावर चढली, वर क्षणभर टांगून राहिली आणि खाली आपटली. वत्सलाच्या हातातला डबा गेला. ती तशीच खाली बसली, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"मंगले... आता आपली भेट नाही गं."

कमलाकांतने ते ऐकलं. एवढ्या गदारोळात त्याला तेवढंच ऐकू आलं. आयुष्यात इतका तो कधी भ्याला नव्हता, पण आता जी भीती वाटली ती निराळीच होती. ही बाई आपल्या डोळ्यांदेखत जाईल, आणि तिची एवढीशी इच्छा आपण पावसाच्या नावावर ढकलत राहिलो! डोलकाठी सोडून तो रांगत तिच्यापाशी गेला, एका हाताने तिचा दंड घट्ट धरला, दुसऱ्या हाताच्या ओंजळीने पाणी उपसायला लागला आणि सगळा जीव गोळा करून ओरडला,

"महालक्ष्मी आई! एवढी होडी किनाऱ्याला लाव! हिला मंगलाकडे नेतो! याच पावसाळ्यात नेतो! सिंह मांडीवर येऊन बसला तरी नेतो!"

देवीने ऐकलं, की नवशाच्या हातात ताकद होती, कोण जाणे. वादळ आलं तसं पुढे निघून गेलं. होडी नवापूरला नाही, बरीच उत्तरेला एका ओसाड पुळणीला लागली. कमलाकांत उतरला तो गुडघ्यांवरच. ओल्या वाळूत त्याने कपाळ टेकलं, आणि थालीपीठ अखेर तिथे बाहेर आलं.

वत्सला शेजारी बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"अहो, समुद्राची एवढी भीती वाटते, मग आलात कशाला?"

"तुला सवय व्हावी म्हणून," तो पुटपुटला.

"माझ्यासाठी?" तिचे डोळे भरून आले. खरं काय ते सांगायला त्याने तोंड उघडलं, पण तोंडात वाळू होती. राहिलं.

तारापूरला पोचेपर्यंत बातमी त्यांच्या पुढे गेली होती. जानूने वाटेत भेटेल त्याला नवस सांगितला होता. आळीतल्या बायका ओवाळायला आल्या. कुणी म्हणालं, "बायकोला बहीण भेटावी म्हणून वादळात शिरला! याला म्हणतात छाती!" कमलाकांत ओटीवर पांघरूण गुंडाळून कुडकुडत बसला होता. आता माघार नव्हती. देवीला दिलेला शब्द! पण खरं सांगायचं तर त्याला थोडं हलकंही वाटत होतं. याहून वाईट समुद्र काय असणार? जहाज तर केवढं थोरलं असतं. एकदा का तो प्रवास निभावला, की सिंहाचं बघता येईल. वत्सला दहा वेळा मंगलाचं नाव घेत स्वयंपाकघरात गुणगुणत होती, आणि ते ऐकायला बरं वाटत होतं.

तेवढ्यात बोईसरला गाडीतून उतरून वामन येऊन पोचला. गर्दी बघून गोंधळला. वत्सलाने सगळी हकीकत सांगितली. ऐकताना त्याचे डोळे मोठे मोठे होत गेले.

"अहो, पण होडीत बसायची सवय कशाला?"

"म्हणजे? जहाजाने जायचंय ना?" कमलाकांत म्हणाला. "तुम्हीही जहाजानेच आलात की!"

"मी आलो तेव्हा समुद्र शांत होता, शिवाय ती ट्रंक होती. पण भर पावसाळ्यात माझ्या बायकोच्या बहिणीला जहाजाने नेईन? वेडबीड लागलंय का मला!" वामनने खिशातून पाकीट काढून वत्सलाच्या हातात ठेवलं. "कंपनीच्या सवलतीत विमानाची तिकिटं मिळाली! सकाळी मुंबईहून उडायचं, अन् त्याच दिवशी मंगलाच्या घरी!"

आळीने टाळ्या वाजवल्या. वत्सलाने तिकिटं देवापुढे ठेवली. कमलाकांतने पांघरूण नाकापर्यंत ओढलं, एकवार वर आभाळाकडे बघितलं आणि मग वामनला जवळ बोलावून अगदी हळू आवाजात विचारलं,

"वामनराव... पावसाळ्यात विमानं बंद ठेवतात ना हो?"