सासूबाईंची पाठ

सासूबाईंना बाहेर जेवायला न्यायचं मीच ठरवलं. (आमच्या घरात मी ठरवलेल्या गोष्टी फार थोड्या, म्हणूनच त्या सगळ्यांच्या लक्षात राहतात.)

सासूबाई, म्हणजे दोना देओदाता, गुरुवारच्या विमानानं अमेरिकेला निघाल्या होत्या, कायमच्या. तिकडे फॉल रिव्हरला माझा मेहुणा असतो. आमच्या साओ मिगेल बेटावरच्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिकडे असतंच, आणि मागे राहिलेल्यांना सारखं बोलावत असतं. माझी बायको लुबेलिया आठवडाभर रडत होती. शेवटी तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई थांबेल. पण तू म्हणालास तर."

"मी? अगं, मुलगी तू आहेस!"

"घर तुझं आहे. जावयानं तोंड उघडून 'राहा' म्हटल्याशिवाय ती राहायची नाही. इतक्या वर्षांत हवापाण्याखेरीज तू तिच्याशी काही बोललायस का?"

खरं होतं ते. मी नगरपालिकेत जन्म-मृत्यूचे दाखले देतो. हसणारे आणि रडणारे एकाच रांगेत येतात, कुणाशी काय बोलावं हे मला कधी सुचत नाही, मग मी हवेबद्दल बोलतो. आमच्याकडे एका दिवसात चारही ऋतू होऊन जातात, त्यामुळे विषयाला तोटा नाही. पण म्हातारी जावी असं मलाही वाटत नव्हतं. ते भांडी घासता घासता कसं सांगणार? म्हणून ज्वालामुखीच्या कड्यावरचं ते हॉटेल. खाली तळं, तळ्याकाठी सासूबाईंचं माहेर. ते घर दिसलं की त्यांचं मन आपोआप विरघळेल आणि मला फारसं बोलावं लागणार नाही, असा माझा हिशेब.

निघताना फोनवर कड्यावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र पाहिलं. लख्ख ऊन! वर पोचेपर्यंत धुकं असं दाटलं की हॉटेलच सापडेना. गाडी लावली ती गाईंच्या कुरणात लावली, हे गाय काचेला नाक लावून आत बघायला लागली तेव्हा कळलं.

वेटरनं आम्हाला खिडकीजवळचं खास टेबल दिलं. खिडकीत पांढरं. नुसतं पांढरं.

"हे समोर तळं," तो बोट दाखवत म्हणाला, "डावीकडे चर्चचा मनोरा. पाच मिनिटांत उघडेल बघा."

"आणि माझं घर?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठलं घर, आजी?"

"पाडलं असेल," त्या म्हणाल्या आणि काळ्या शालीत हनुवटी खुपसून बसल्या.

मग कोझीदो आलं. तळ्याकाठच्या तापलेल्या जमिनीत पहाटे हंडा पुरायचा आणि जेवणाच्या वेळी उकरून काढायचा, ही आमची मेजवानी. मांस, कोबी, सुरण, सगळं लोण्यासारखं.

"छान शिजलंय," मी सुरुवात केली.

"पुरल्यावर सगळंच मऊ पडतं," सासूबाई म्हणाल्या. "फॉल रिव्हरला म्हणे थंडीत जमीन दगड होते. मला पुरायला यंत्र आणावं लागेल त्यांना."

लुबेलियानं नाक पुसलं. आता बोलायलाच हवं होतं.

"बर्फ मात्र तिकडे चांगला पडतो," मी म्हणालो.

टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ बसली. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे कोंबडीची तंगडी माझ्या ताटात ढकलली, "मला कुठे दात आहेत" म्हणाल्या आणि जरा मोकळ्यावर उभं राहायला गच्चीवर गेल्या.

"जा," लुबेलिया म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "जा आणि बोल. नाहीतर मी तुला कधी माफ करणार नाही."

मी गेलो. बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर दव बसलं. कठड्याशी काळी शाल, वाकलेली पाठ. चेहरा दिसत नव्हता ते बरंच होतं. पाठीशी बोलणं मला सोपं जातं. मी डोळे मिटले.

"आई, जाऊ नका. तुमच्या खोकल्यानं मला पहाटे जाग येते. तो गेला तर मी कामावर पोचणार कसा? दात नाहीत म्हणून तंगडी माझ्या ताटात ढकलता आणि रात्री गुपचूप हाडं चोखता, माहीत आहे मला. मला आई आठवत नाही. आई म्हणून मी तुम्हालाच ओळखतो. घर माझं नाही, तुमचं आहे. राहा!"

काळी शाल हुंदके देत होती. मी तिला मिठी मारली, तिनंही मला घट्ट धरलं.

"दात नाहीत हे खरं, खोकलाही आहे," शालीतून आवाज आला, "पण तू कोण रे, बाळा?"

इतक्यात धुक्यातून एक मिशीवाला धावत आला. त्याची सासू होती ती.

"काय केलंत हो आमच्या म्हातारीला?"

"गप्प बस!" म्हातारी त्याच्यावर कडाडली. "शीक जरा! जावयानं असं बोलावं!"

"मी इथे आहे, ग्वाल्तेर."

हा आवाज ओळखीचा होता. सासूबाई भिंतीला टेकून बाकावर बसल्या होत्या, माझ्यापासून हातभर अंतरावर.

"सगळं ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "सुरेख बोललास. आता मला सांग."

लुबेलिया दारात येऊन उभी होती, दोन्ही हात छातीशी धरून. मी तोंड उघडलं. इतकं सगळं सांडून झालं होतं की आत एक शब्द शिल्लक नव्हता.

"आज धुकं फार आहे," मी म्हणालो.

"आहे खरं," सासूबाई म्हणाल्या. "चला, जेवण निवेल."

उतरताना धुकं फाटलं. गाडीच्या आरशात तळं, मनोरा, त्याच्या बाजूचं लाल कौलांचं घर, सगळं झळकलं. मागच्या सीटवर दोघी मायलेकी डोळे मिटून बसल्या होत्या, आणि मला हाक मारायचा धीर झाला नाही.

गुरुवारी विमानतळावर मी सासूबाईंची बॅग हातात धरूनच ठेवली. आता नाही तर कधीच नाही.

"आई, जाऊ नका," मी म्हणालो. चेहऱ्याकडे बघून. सरळ.

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला.

"हे आधी बोलायचं होतंस रे."

"आधी म्हणजे कधी?"

"त्या बाईच्या आधी," सासूबाई म्हणाल्या, माझ्या हातातून बॅग घेतली आणि आत गेल्या.

लुबेलिया काचेला कपाळ टेकून रडत राहिली. मी जवळ गेलो आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. (आधी पुढून जाऊन चेहरा बघून आलो होतो.)