आमच्या डोंगराचा नंबर

कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपात नवा माणूस आला की स्टोअर सांभाळणारे शिंदे नाना त्याचं नाव नाही, गाव विचारायचे. गाव कळलं की लगेच तिथल्या डोंगराचा नंबर. "कोयनानगर व्हय? भाग्यवान हायसा. तुमचा डोंगर लय वरच्या नंबरात."

सातारा-सांगलीतल्या शिखरांचे क्रम लावणं हा नानांचा ध्यास. फौजेतून ते नकाशे वाचायची सवय घेऊन आले होते. वय साठीपुढचं, तरी रविवार आला की काठी घेऊन डोंगरावर. वहीत तीन रकाने: उंची, उठाव, एकांत. शेवटचे दोन आम्हाला उमजेनात, म्हणून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आमचेच डबे टेबलावर डोंगरांसारखे मांडले.

"ह्याच्यावरनं जास्ती उंच डोंगरावर जायचं, तर मधी कमीत कमी किती खाली उतरावं लागतं? त्यो उठाव. आन् आपल्यापेक्षा उंच कोन भेटायला किती लांब जावं लागतं, त्यो एकांत. नुसती उंची काय, कुनीबी सांगंल."

आमचे मालक सहा फुटी. पण कायम स्वतःहून उंच भावाला चिकटून. नाना हळूच म्हणायचे, "उंची हाय, उठाव न्हाई."

माझं गाव आटपाडीकडचं. आमचा डोंगर वहीत शेवटून दुसरा. लेथवरची मंडळी मलाच 'शेवटून दुसरा' म्हणायला लागली. ते मला लागलं. मेमधल्या एका शनिवारी सगळ्यांसमोर मी ठोकून दिलं, "नाना, आमच्याकडं रस्त्यासाठी खिंड खोल खणलीय. उठाव वाढला असणार."

नाना गंभीर झाले. "मग बघायलाच पायजे गड्या."

मी वळून मंडळींना डोळा मारला.

सोमवारी नाना आले ते लंगडत. चेहरा उन्हानं करपलेला. सगळे हसू दाबून टपलेलेच होते. "काय नाना, वाढला का नंबर?"

नानांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. "खिंड हाय तशी हाय. मीच कायतरी उलटं ऐकलं. ह्याची चूक न्हाई." आणि ते नटबोल्ट मोजायला लागले. मला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आईचा फोन आला. ती गावी एकटीच असते. दिवाळीनंतर मी फिरकलो नव्हतो.

"आरं, काल तुजा मानूस आला व्हता. डोंगराकडनं आला आन् चक्कर आल्यागत मटकन् बसला पारावर. तुजं नाव सांगितलं म्हनून लोकांनी घरी आनला. पानी पाजलं, भाकरी दिली. मग माज्या फोनवरची अक्षरं मोठी करून दिली त्यानं. आता तुजं नाव चांगलं दिसतंय बघ."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तूच धाडलंस म्हनं, आईची खुशाली बघून या म्हनून. समद्या गल्लीला सांगितलं मी. लय बरं केलंस बाबा."

मी "व्हय" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी स्टोअरमध्ये गेलो. "नाना, मी शनिवारी..."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "येत्या रविवारी तू येनार म्हनून सांगून आलोय म्हातारीला. जा."

"तुमी बी चला की संगं."

नाना वहीची पानं उगाच मागं-पुढं करत राहिले. मग दुसरीकडं बघत म्हणाले, "मला कवा कोन चला म्हनलंय रं? येतो की."